टायरचं वय



मला आकाशवाणीवर बोलावतात ते बहुतेक वेळा कविता वाचायला. या खेपेला फोन आला, ‘वाहनाची निगा’ या विषयावर बोला. मला वाटलं, राँग नंबर लागला असावा. मी विचारलं, "कवी हवाय की मेकॅनिक?" तिकडून उत्तर आलं, "समृद्धी महामार्गावर तुमचं जे झालं ते कानावर आलंय. तेच सांगा." मग नाही म्हणायला तोंड उरलं नाही. मी बी. ए. झालेला, तीस वर्षं कारकुनी करत आलेला माणूस. इंजिनातलं मला फारसं कळत नाही. पण एका चुकीतून जे शिकलो ते मात्र नीट पाठ झालंय, आणि तेवढंच सांगणार आहे.

सुरुवात माझ्या अब्बांपासून करावी लागेल. अब्बा एसटीत ड्रायव्हर होते, जालना डेपोला. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद, या सगळ्या रस्त्यांवर त्यांचं आयुष्य गेलं. आमच्या या भागात बस आली ती निजामाच्या राज्यात. १९३२ साली निजामाच्या रेल्वेनं २७ बस घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली होती. अब्बा त्या काळच्या ड्रायव्हरांच्या गोष्टी सांगायचे, अर्थात ऐकीव. त्यांची स्वतःची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर डेपोत जायचो. गाडी ताब्यात घेतली की ते आधी सीटवर बसत नसत. एक लाकडी दांडका घ्यायचे आणि गाडीभोवती फिरत प्रत्येक टायरवर एकेक टोला हाणायचे. हवा पुरेशी असली की टण्ण असा भरीव आवाज यायचा. कमी असली की भद्द. बसला मागे एकेका बाजूला दोन-दोन टायर असतात. आतला टायर बाहेरून दिसत नाही. तो बसला असला तरी बाहेरचा एकटा ओझं ओढत राहतो, आणि मग तोही जातो. म्हणून आतल्या टायरला ते दोनदा मारायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. तबलजी तबला लावताना करतो तशी मान.

दुसरी एक सवय होती. अंबडला गाडी थांबली की प्रवासी चढेपर्यंत ते चाकांच्या मध्यावर हाताची पालथी बाजू लावून बघायचे. आई लेकराचा ताप बघते तसं. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असलं तर तिथं ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जायला आलंय. "चाक मुकं नसतं," ते म्हणायचे, "आपणच बहिरे असतो."

तर असा मी ड्रायव्हरचा मुलगा. २०१९ साली वयाच्या पन्नाशीत पहिली गाडी घेतली. छोटी, पांढरी, २०१२ चं मॉडेल, अर्थातच सेकंडहँड. आधीच्या मालकानं जिवापाड जपलेली. मी तर त्याहून जास्त जपली. कारण ती चालवायचोच कमी. ऑफिस तीन किलोमीटर, शुक्रवारची नमाज, भाजी, कधी राजूर, कधी संभाजीनगर. वर्षाला चार हजार किलोमीटर झाले तरी खूप. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसायची. बादलीनं धुवायची नाही, हा आमचा जालन्याचा संस्कार. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्यानं टँकरच्या रांगेत रात्री काढल्यात त्याच्या हातून गाडीवर पाणी ओतवत नाही. पुसून झालं की अब्बांची आठवण म्हणून चारही टायरांना चपलेनं एकेक लाथ. बस, माझी तपासणी संपली.

जुन्या जालन्यात आमच्या उस्तादांचं गॅरेज आहे. उस्ताद म्हणजे खरोखरचे उस्ताद. वयाच्या बाराव्या वर्षी कुणाच्या तरी हाताखाली पाने उचलायला लागले, आता त्यांच्या हाताखालून शिकून गेलेल्यांची गॅरेजं गावभर आहेत. वर्षातून एकदा मी गाडी त्यांच्याकडे नेतो. इंजिन ऑइल बदलतात, एअर फिल्टर झटकतात नाहीतर बदलतात. आपल्याकडे कापसाचा भुगा, कारखान्यांची काजळी आणि उन्हाळ्यातल्या वावटळींची धूळ, त्यामुळे फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच कोंदतो. कोंदला की गाडी धापा टाकते आणि पेट्रोल जास्त पिते. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी घातलेलं दिसलं की उस्ताद चिडतात. ज्या पाण्यानं घरातल्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत गेल्यावर काय करेल? दुष्काळाच्या वर्षी मिळेल ते पाणी ओतलेले रेडिएटर नंतर एकामागून एक चोंदून आले, असं ते सांगतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग ऐन उतारावर ब्रेक दबका लागतो. हे सगळं उस्ताद करायचे, मी पैसे द्यायचो आणि गाडी ठणठणीत आहे असं समजून घरी यायचो.

२०२४ च्या मे महिन्यात लेक माहेरी आली होती. तिचं सासर नागपूरचं. परत सोडायला जायचं ठरलं आणि मी म्हटलं, आपल्या गाडीनं जाऊ. समृद्धी महामार्ग आता आपल्या दारातून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हापासून मी तो लोकांच्या तोंडून ऐकत होतो. पूर्वी मेहकर, मालेगाव, कारंजा करत नागपूरला जायला अख्खा दिवस मोडायचा. आता नाश्ता करून निघा आणि दुपारच्या जेवणाला पोहोचा. मोह कुणाला होणार नाही?

निघायच्या दोन दिवस आधी गाडी उस्तादांना दाखवली. त्यांनी ऑइलची पट्टी काढून बघितली, पट्टे चाचपले, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्यानं धुतली. मग उकिडवे बसले आणि मागच्या डाव्या टायरवरची माती अंगठ्यानं पुसून काहीतरी वाचू लागले.

"टायर कब डाले?"

मी म्हटलं, "पहले से हैं. एकदम नवे आहेत उस्ताद, नक्षी बघा ना."

नक्षी खरोखरच चांगली होती. बोट घातलं तर खोल जायचं. उस्तादांनी मला खाली बसवलं आणि टायरच्या बाजूवर लांबोळ्या चौकटीत कोरलेले चार आकडे दाखवले. ३२१५. "पहले दो हफ्ता, बाद के दो साल." म्हणजे २०१५ सालचा बत्तिसावा आठवडा. ऑगस्ट २०१५. जवळजवळ नऊ वर्षांचा टायर. चारही तसेच.

"शायरसाब," उस्ताद म्हणाले, "टायर की उमर देखो, सूरत मत देखो."

मी हसलो. म्हटलं, उस्ताद, मिसरा झाला हा. ते हसले नाहीत. म्हणाले, गावात फिरवा, हरकत नाही. पण समृद्धीवर जायचं तर चारही बदला. मी हिशेब केला. चार टायर म्हणजे पंधरा हजारांच्या आसपास. महिनाअखेर, लेकीची पाठवणी, नातवाला कपडे. म्हटलं, आल्यावर बदलू. त्यांनी खांदे उडवले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी पेट्रोल पंपावर हवेच्या पोराला सांगितलं, "उन्हाळा आहे, हवा थोडी कमी ठेव." हे ज्ञान मला कुणी दिलं ते आठवत नाही. उन्हात हवा फुगते, टायर फुटतो, म्हणून कमी ठेवायची, असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. त्या पोरानं मुकाट्यानं हवा सोडली.

सकाळी निघालो. मी, बेगम, लेक, तिचा तीन वर्षांचा मुलगा आणि लेकीचा दीर, जो सुट्टीत आमच्याकडे आला होता. डिकीत बॅगा, लोणच्याची बरणी आणि मोसंबीची गोणी, कारण जालन्याहून मोसंबी न नेता नागपूरला जाणं म्हणजे बेअदबी. जालन्याजवळ निधोन्याला महामार्गावर चढलो. काय रस्ता आहे! सरळ, पांढरा, रिकामा. कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. मी शहाणपणानं शंभरावर काटा ठेवला आणि स्वतःलाच शाबासकी दिली.

सिंदखेडराजाच्या हद्दीत आलो तसे गाडीत सगळे गप्प झाले. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर इथंच पिंपळखुट्याजवळ खासगी बस उलटून पेटली होती आणि २५ माणसं गेली होती. तेव्हा आधी सांगितलं गेलं की टायर फुटला. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचं आढळलं नाही. अपघातानंतर टायरवर बिल घालणं सोपं असतं, तो काही बोलत नाही. हे मी अशासाठी सांगतोय की टायरबद्दल बोलताना मला सगळं खापर त्याच्या माथी फोडायचं नाहीये. माझ्या बाबतीत दोष माझाच होता.

दुसरबीड मागे पडलं. बेगम मागच्या सीटवर डाव्या बाजूला, नातू तिच्या मांडीवर. हीसुद्धा चूकच, लेकराची जागा मांडीवर नसते, पट्ट्यानं बांधलेल्या त्याच्या स्वतःच्या सीटवर असते. पण आपण सगळे करतो, तशी आम्हीही केली. अचानक ती म्हणाली, "अजी सुनो, गाडी कुछ अलग बोल रई."

मी म्हटलं, काँक्रीटचा रस्ता आहे, घूं आवाज येतोच.

दोन मिनिटं गेली. ती पुन्हा म्हणाली, "नई जी. टप टप आरई. मेरे नीचेसे."

श्रोते हो, इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमची बेगम पंचवीस वर्षं शिलाई मशीन चालवते. दर रविवारी सुईखालची पट्टी काढून जुन्या टूथब्रशनं धाग्याचा भुगा साफ करते, ठरलेल्या भोकांत तेलाचे थेंब सोडते. मशीन कुठं अडतंय ते तिला धागा तुटायच्या आधी कळतं. शब्दांचा नाद ऐकायची कीर्ती माझी आहे, पण घरात खरा कान तिचा. तिसऱ्यांदा तिनं आवाज चढवला तेव्हा मी पाय हळूहळू काढला, चारही इंडिकेटर लावले आणि डाव्या कडेला जाऊन थांबलो.

मागचा डावा टायर. नक्षी तशीच सुंदर. पण तिच्याखाली, बाजूला, मुठीएवढा फोड आला होता, आणि नक्षीचा पट्टा एका ठिकाणी आतल्या थरापासून सुटून चिरफाळला होता. जळक्या रबराचा वास येत होता. हात जवळ नेला तरी धग लागत होती. फिरताना तो फोड रस्त्यावर आपटत होता, तीच ती टप टप. बरोबर त्याच्या वर, दीड हातावर, माझा नातू झोपला होता.

लेकराला उचलून सगळ्यांना रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभं केलं. स्टेपनी काढली. ती पूर्ण बसलेली होती. पाच वर्षांत तिला एकदाही हवा घातली नव्हती. पाचवा टायरही टायरच असतो हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मे महिन्याचं दुपारचं ऊन, सावलीला एक झाड नाही, बाजूनं गाड्या सूं सूं जाताहेत. हेल्पलाइनला फोन केला. गस्तीची गाडी आली. त्यांनी आमच्या मागे दूरवर लाल-पांढरे सुळके मांडले आणि आधी मला दटावलं की गाडीजवळ उभं राहू नका. त्यातल्या एकानं वाकून टायर पाहिला आणि म्हणाला, "काका, आणखी पाच-सात किलोमीटर गेला असता ना..." पुढचं वाक्य त्यानं लेकराकडे बघून गिळलं. गाडी ओढून मेहकरला नेली. तिथं दोन नवे टायर घेतले, उरलेल्या दोघांसह साठाच्या वेगानं नागपूर गाठलं, आणि तिथं ते दोघेही बदलले. पंधरा हजार वाचवायला निघालो होतो. टोचन आणि बाकीचं धरून बावीस गेले. तेही हसत दिले.

परत आल्यावर उस्तादांकडे गेलो. त्यांनी एका शब्दानं ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं नाही. चहा मागवला. मग मी खरोखर शिकायला बसलो. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

माझ्यासारख्या छोट्या गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण पावणेदोन मीटर जातं. ताशी शंभरच्या वेगात ते सेकंदाला पंधरा-सोळा वेळा फिरतं. म्हणजे तासाला सत्तावन्न हजार वेळा. प्रत्येक फेऱ्याला टायरचा प्रत्येक भाग एकदा जमिनीला टेकून दबतो आणि पुन्हा सुटतो. तार वाकवून वाकवून तोडून बघा, वाकवलेली जागा गरम होते की नाही? टायरचंही तसंच. हवा कमी असली की तो जास्त दबतो, जास्त वाकतो, जास्त तापतो. वर ओझं, खाली तापलेलं काँक्रीट. आतले थर एकमेकांना चिकटवणारं रबर जुनं असेल तर ते सुटायला लागतं. मी उन्हाळा म्हणून हवा कमी केली ती टायर वाचवायला, आणि तीच त्याच्या जिवावर उठली.

हवा फुगते हे खोटं नाही. दहा अंशांनी तापमान वाढलं की हवेचा दाब साधारण एक-दोन पौंडांनी वाढतो, आणि चालून तापल्यावर आणखी चार-पाच पौंड चढतो. पण टायर बनवणाऱ्यानं हे धरूनच आकडा दिलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक छोटी पट्टी चिकटवलेली दिसते, तिच्यावर तो असतो. भरल्या गाडीसाठी वेगळा आकडा असला तर तोही तिथंच. तो आकडा थंड टायरचा. म्हणजे सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरहून जास्त चाललेली नसताना मोजायचा. तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडायची नाही. आपण काय करतो? पंपावरचं पोरगं विचारतं, "कितनी डालू?" आपण म्हणतो, "डाल तीस." पुढचे-मागचे, रिकामी-भरलेली, सगळ्यांना तीस. जसा काही तो सरकारी दरच आहे.

आता अब्बांचा दांडका. हे समजल्यावर मला थोडं वाईट वाटलं. अब्बांच्या वेळचे बसचे टायर ताठ बाजूंचे, आत ट्यूब असलेले. त्यांना टोला मारला की ते खरं बोलायचे. आजच्या कारला रेडियल टायर असतात. फ्रान्समधल्या मिशलाँ कंपनीनं १९४६ साली या टायरचं पेटंट घेतलं. त्याची बाजू मुद्दाम मऊ ठेवलेली असते, त्यामुळे हवा बरोबर असली तरी तो खाली जरा फुगलेला दिसतो आणि सात-आठ पौंड कमी असली तरी जवळजवळ तसाच दिसतो. नजरेला फरक कळत नाही, चपलेच्या लाथेला तर नाहीच. मी इतकी वर्षं अब्बांची नक्कल करत होतो आणि समजत होतो की टायर तपासतोय. आता दोन-तीनशे रुपयांचा हवा मोजायचा काटा घेतलाय. तो कुणाची नक्कल करत नाही, आकडा सांगतो.

वयाचं कोडंही उलगडलं. मला वाटायचं, गाडी कमी चालवली म्हणजे टायर जास्त टिकले. उलट आहे. रबर सुकू नये, चिरू नये म्हणून त्यात मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरमध्ये ती येत नाहीत, आणि वरून जालन्याचं ऊन. नक्षी शाबूत राहते, रबर मात्र आतून वठतं. टायरच्या बाजूला केसासारख्या बारीक चिरा दिसल्या की ओळखावं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवायचा, आणि दहा वर्षं झाली की कितीही देखणा असो, निरोप द्यायचा. उस्ताद तर सहाच्या पुढे महामार्गावर जाऊ देत नाहीत. टायर घेतानाही ते चार आकडे वाचून घ्यावेत. नवा म्हणून दिलेला टायर दुकानात दोन-तीन वर्षं पडून असू शकतो.

२०२३ पासून परिवहन विभागानं समृद्धीच्या प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली होती, गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. चांगलंच केलं. कारच्या नक्षीची खोली कमीत कमी १.६ मिलिमीटर हवी असा नियमच आहे, आणि ते ओळखायला खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण मला राहून राहून वाटतं, त्या दिवशी माझी गाडी कुणी थांबवली असती तर नक्षी बघून सलाम ठोकून पुढे सोडली असती.

नायट्रोजनचं विचाराल तर, आपण श्वास घेतो त्या हवेतच तो ७८ टक्के आहे. तो थोडा सावकाश झिरपतो एवढंच. आकडा बरोबर नसेल तर नायट्रोजनही वाचवणार नाही. साधी हवा पेट्रोल पंपावर मोफत मिळायला हवी, असा नियम आहे. ‘मशीन बंद आहे’ असं ऐकलं तर ठामपणे विचारा. मी आता विचारतो, कवितेत दाखवत नाही एवढी हिंमत तिथं दाखवतो.

आणि समजा टायर फुटलाच तर? उस्तादांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. ब्रेकवर पाय दाबायचा नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट, सरळ. पाय ॲक्सिलरेटरवरून सावकाश काढायचा, गाडी आपोआप मंदावू द्यायची, मग डावीकडे. घाबरून ब्रेक मारला की गाडी गरकन फिरते. दोनच नवे टायर घ्यायची ऐपत असेल तर ते मागे लावायचे. मला वाटायचं पुढे. पुढचा घसरला तर निदान स्टिअरिंगवर कळतं, मागचा घसरला तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते.

अब्बांच्या अंबड रस्त्यावर ताशी चाळीसच्या वर जाताच यायचं नाही. खड्डे, बैलगाड्या, बाजारची गर्दी. टायर गेला तर गाडी भद्द करून बसायची, प्रवासी खाली उतरून लिंबाखाली बिडी ओढायचे, तासाभरात पुढे. माझ्या डोक्यात अजून तोच रस्ता होता. गाडी मी त्या रस्त्याच्या हिशेबानं सांभाळली आणि चालवायला नेली समृद्धीवर. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूर ते मुंबई असा सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता आता एक झालाय. दर सुट्टीला माझ्यासारखे कितीतरी जण गावात तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाड्या घेऊन त्याच्यावर चढतात. लग्नाची वऱ्हाडं जातात. एवढं तरी करा, निघायच्या आधी पाचही टायरांवरचे चार आकडे वाचा. मोटारसायकलवाल्यांनीसुद्धा, तिच्याही टायरवर ते असतात.

आता माझा नेम ठरलेला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी फजरच्या नमाजनंतर, ऊन चढायच्या आत, काटा घेऊन बसतो. पाचही टायर. मग ऑइलची पट्टी, कूलंटच्या बाटलीवरची रेघ. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे आता वेगळं सांगत नाही. तोपर्यंत आतून शिलाई मशीनचं झाकण उघडल्याचा आवाज येतो. दहा मिनिटांचं काम. अब्बांचा दांडका मात्र मी फेकलेला नाही, दाराआड उभा आहे. आणि लांबच्या प्रवासात चहाला थांबलो की चाकांना पालथा हात अजून लावतो. ती सवय रेडियललाही लागू आहे.

परवा नागपूरहून लेकीचा फोन आला. सुट्टीत यायचं म्हणते, जावयांची गाडी घेऊन, महामार्गानं. मी म्हटलं, खाली जा आणि टायरवरचे आकडे वाच. ती कुरकुरत गेली. फोनवर नातवाचा आवाज येत होता, नुकतेच आकडे शिकलाय, तोच एकेक ओरडून सांगत होता. चार. आठ. एक. सात.

मी मनात मोजलं. म्हटलं, बेटा, तो सगळे आकडे बरोबर वाचतो. या वेळी एसटीनं या.